पाककृतींच्या संग्रहासाठी सॉफ्टवेअर निवडताना

घरातला पाककृतींचा संग्रह सहसा एका जागी नसतो. एक-दोन जुन्या वह्या, मासिकांतून कापलेली पाने, दिवाळी अंकासोबत आलेली फराळाची पुरवणी, वाण्याच्या यादीमागे लिहून ठेवलेले भाजणीचे प्रमाण, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटातले संदेश, यूट्यूबवरच्या चित्रफितींचे दुवे आणि फोनमधली छायाचित्रे असा तो विखुरलेला असतो. हे सगळे एकत्र आणायचे ठरले, की त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न येतो. अपेक्षा मोजक्याच असतात. पाककृती टिकावी, हवी तेव्हा सापडावी, पाहुणे वाढले तर प्रमाण वाढवून मिळावे आणि मुलीला, सुनेला, भाच्याला सहज देता यावी. जाहिरातींत मात्र भर असतो तो आठवड्याचा बेत, किराण्याची यादी आणि उष्मांक यांवर. या सोयी कामाच्या आहेत, पण निवड त्यांवरून करू नये. पहिला निकष वेगळा आहे. सॉफ्टवेअर उद्या बंद पडले, महाग झाले किंवा नकोसे झाले, तर आत भरलेल्या पाककृती शाबूत बाहेर काढता येतील का, हे आधी पाहावे.

या निकषाला इतके महत्त्व देण्याचे कारण इतिहासात आहे. स्वयंपाकघरात संगणक आणण्याची कल्पना बरीच जुनी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नीमन मार्कस या दुकानाच्या नाताळच्या सूचिपत्रात हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ होता. त्याची किंमत १०,६०० डॉलर होती. तो पाककृती साठवील असे सूचिपत्र सांगत होते. पण त्याला पडदा नव्हता. खटके वर-खाली करून माहिती भरायची आणि दिव्यांच्या उघडझापीवरून उत्तर वाचायचे, अशी त्याची रीत होती. ती शिकवणारा दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम किमतीतच धरलेला होता. त्यातला एकही संच विकला गेल्याची नोंद सापडत नाही.

पुढे घरगुती संगणक आले आणि पाककृतींची सॉफ्टवेअरे खरोखर वापरात आली. डॉसवर चालणारे ‘मील-मास्टर’ हे त्यांपैकी एक. त्यात प्रत्येक पाककृती म्हणजे साधा मजकूर असे. वर नाव, वर्ग आणि किती जणांसाठी ते, मग माप, एकक व जिन्नस अशा सरळ ओळी आणि त्याखाली कृती. लोकांनी अशा हजारो पाककृती एकमेकांना दिल्या. डॉस मागे पडले, तरी त्या फायली आजही कोणत्याही संगणकावर उघडतात आणि आजची अनेक सॉफ्टवेअरे त्या आत घेऊ शकतात. त्या टिकल्या त्या मजकूर साधा होता म्हणून.

नंतरच्या चकचकीत सेवांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ‘झिपलिस्ट’ ही पाककृती व किराणा यादीची अमेरिकन सेवा २०१२ मध्ये काँदे नास्त या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली आणि २०१४ अखेरीस ती बंद झाली. ‘यमली’ २०१७ मध्ये व्हर्लपूल कंपनीकडे गेली आणि २०२४ च्या डिसेंबरात बंद पडली. ‘व्हिस्क’ सॅमसंगने २०१९ मध्ये घेतली. २०२३ पासून ती ‘सॅमसंग फूड’ आहे. एव्हरनोट या टिपणांच्या सेवेने २०११ मध्ये काढलेले ‘एव्हरनोट फूड’ २०१५ मध्ये संपले, पण त्यातल्या पाककृती मूळ एव्हरनोटमध्ये साध्या टिपणांच्या रूपात असल्यामुळे वाचल्या. त्याच एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस विनामूल्य खात्यावर ५० टिपणांची मर्यादा घातली. यात कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. कंपन्या विकल्या जातात, धोरणे बदलतात, हा व्यवसायाचा स्वभावच आहे. घरच्या संग्रहाचे आयुष्य मात्र पिढ्यांत मोजले जाते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापले गेले आणि ते आजही वाचता येते. १९७० मध्ये आलेली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ अजून अनेक घरांत रोज उघडली जाते. पाककृतींचे ॲप दहा वर्षे चालले तरी ते दीर्घायुषी ठरते.

उपलब्ध साधनांचे ढोबळ प्रकार असे. पहिला प्रकार साध्या टिपणांच्या ॲपचा, म्हणजे गूगल कीप, वननोट, जॉपलिन, ऑब्सिडियन यांसारख्यांचा. ही पाककृतींसाठी बनवलेली नाहीत. त्यांना जिन्नस आणि कृती यांतला फरक कळत नाही, प्रमाणाचा गुणाकार येत नाही. पण शिकावे काही लागत नाही आणि शंभर-दीडशे पाककृतींपर्यंत ती सहज पुरतात. यांतही फरक आहे. ऑब्सिडियन आपली टिपणे वापरणाऱ्याच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फायलींत ठेवते. गूगल कीपमधला मजकूर गूगलच्या ‘टेकआउट’ सेवेतून एकगठ्ठा काढता येतो. दुसरा प्रकार तक्त्यांचा. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये पदार्थांची अनुक्रमणिका उत्तम होते, मात्र लांब कृती चौकटीत कोंबावी लागते आणि फोनवर वाचताना त्रास होतो.

तिसरा प्रकार खास पाककृतींसाठी बनवलेल्या ॲपचा. यांत २०१० पासून चालत आलेले ‘पॅप्रिका’ सर्वांत रुळलेले आहे. ते एकदाच विकत घ्यावे लागते, पण फोनसाठी वेगळे आणि संगणकासाठी वेगळे. पाककृती यंत्रावरच असतात, त्यामुळे इंटरनेट नसले तरी चालते, आणि सगळा संग्रह एचटीएमएलमध्ये बाहेर काढता येतो. ‘रेसिपीसेज’ हे मुक्त सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते आणि साध्या मजकुरासह अनेक प्रकारांत संग्रह परत देते. चौथा प्रकार स्वतःच्या यंत्रावर चालवायच्या मुक्त सॉफ्टवेअरचा. मीली, टँडूर आणि नेक्स्टक्लाउडचे ‘कुकबुक’ ही त्यातली प्रमुख नावे. घरात सर्व्हर सांभाळणारे कोणी असेल तर हा पर्याय फार चांगला. नसेल तर पहिल्या बिघाडाला सगळा संग्रह अडकून पडतो, म्हणून निव्वळ हौसेखातर या वाटेला जाऊ नये. पाचवा प्रकार ‘कुकलँग’चा. ही पाककृती लिहिण्याची एक खूणपद्धती आहे. साध्या मजकुरातच जिन्नसापुढे ॲटची, भांड्यापुढे हॅशची आणि वेळेपुढे टिल्डची खूण करायची, म्हणजे त्या मजकुरातून सॉफ्टवेअर सामानाची यादी आपोआप काढते.

पाककृती साठवणे म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट झाले की या प्रकारांतला फरक कळतो. माणूस पाककृती सलग वाचतो. यंत्राला तिचे भाग वेगळे करून द्यावे लागतात. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही सामाईक शब्दावली सुरू केली. तिच्यात पाककृतीसाठी ठरावीक रकाने आहेत. त्यांत नाव, किती जणांसाठी, पूर्वतयारीचा वेळ, शिजवण्याचा वेळ, जिन्नसांची यादी आणि कृतीच्या पायऱ्या येतात. पाककृतींची बहुतेक संकेतस्थळे आपल्या पानाच्या आत ही माहिती दडवून ठेवतात. एखादे ॲप दुवा दिल्याबरोबर जाहिराती आणि लांबलचक प्रस्तावना गाळून नेमकी पाककृती उचलते, ते याच रकान्यांच्या आधारे. ज्या पानावर हे रकाने नाहीत तिथे ॲप चाचपडते. जुन्या मराठी ब्लॉगवरची किंवा वर्तमानपत्राच्या पानावरची कृती उचलताना म्हणूनच पुष्कळदा नुसते नाव आणि छायाचित्र हाती येते. आपला संग्रह याच रकान्यांत साठवणारे सॉफ्टवेअर असेल तर पुढे दुसरीकडे जाणे सोपे होते. नेक्स्टक्लाउडचे ‘कुकबुक’ प्रत्येक पाककृती याच शब्दावलीतल्या एका जेसन फाइलीत ठेवते, हा त्याचा मोठा गुण आहे.

मराठी स्वयंपाकाची एक गरज या रकान्यांत बसत नाही. आपल्याकडे पाककृतीच्या पोटात पाककृती असते. आमटीत गोडा मसाला पडतो, आणि गोडा मसाला ही स्वतः वीसेक जिन्नसांची पाककृती आहे. थालीपिठाला भाजणी लागते, चकलीला निराळी भाजणी. पुरणपोळीची गुंतागुंत तर याहून जास्त. हरभऱ्याची डाळ शिजवून निथळली की डाळीचे पुरण होते आणि निथळलेल्या पाण्याची, म्हणजे कटाची, आमटी होते. एका पातेल्यातून दोन पाककृती निघतात आणि एकीशिवाय दुसरी अर्धवट राहते. एका पाककृतीतून दुसरीकडे नेणारा दुवा देता येतो का, हे म्हणून मराठी घराने आवर्जून पाहावे. पॅप्रिकात, मीलीत आणि ऑब्सिडियनमध्ये असा दुवा देता येतो. जिथे येत नाही तिथे गोड्या मसाल्याचे प्रमाण दहा ठिकाणी उतरवले जाते. मग एका ठिकाणी धने वाढवले तरी बाकी नऊ जागी जुनेच प्रमाण राहते.

शोधाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो खास भाषेचा आहे. बहुतेक सॉफ्टवेअरांचा शोध अक्षरे जुळवून चालतो. इंग्रजीत त्यावर भागते. मराठीत विभक्ती लागली की नामाचे सामान्यरूप होते आणि शब्दाचा मधला भागच बदलतो. ‘गूळ’ शोधला तर ‘गुळाची पोळी’ सापडत नाही, कारण पहिल्यात दीर्घ ऊकार आहे आणि दुसऱ्यात ऱ्हस्व. ‘दूध’ आणि ‘दुधाची आमटी’, ‘मीठ’ आणि ‘मिठातल्या मिरच्या’, ‘तांदूळ’ आणि ‘तांदळाचे घावन’, ‘लसूण’ आणि ‘लसणाची चटणी’ यांचे तेच होते. तांदूळ निदान ‘तांद’ एवढेच लिहून शोधता येतो. गूळ आणि मीठ यांना तीही सोय नाही. उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. जिन्नसांच्या यादीत प्रत्येक जिन्नस मूळ रूपात, ओळीच्या आरंभी लिहावा आणि त्याची अवस्था पुढे सांगावी. ‘किसलेल्या गुळाची एक वाटी’ असे न लिहिता ‘गूळ, किसलेला, १ वाटी’ असे लिहावे. शीर्षक आणि कृती हव्या तशा मराठीत राहू द्याव्यात.

त्यात प्रांतोप्रांतीच्या नावांची भर पडते. उपासाची वरई कुठे वरी, कुठे भगर. कोकणातले आमसूल दुसरीकडे कोकम, तर तिसरीकडे सोल. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून तिथली सांबारवडी शोधताना मुंबईचे माणूस चकते. कोणतेही सॉफ्टवेअर ही नावे आपोआप जुळवून देत नाही. घरात जे नाव चालते ते यादीत ठेवून बाकीची नावे टिपेत लिहावीत. शोध टिपांमधूनही होतो, त्यामुळे एवढ्याने भागते. परदेशात वाढलेल्या नातवंडांना मराठी बोलता येते पण देवनागरीत लिहिता येत नाही, अशी स्थिती अनेक घरांत आहे. त्यांच्यासाठी पदार्थाचे नाव टिपेत रोमन लिपीतही द्यावे. मग त्यांनाही आजीचा पदार्थ सापडतो.

एक अडचण डोळ्यांना दिसतही नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी काही मराठी अक्षरे दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टंकता येतात. ‘पुऱ्या’ आणि ‘वऱ्हाडी’ यांतला अर्धा र काही कळफलक ‘ऱ’ या वेगळ्या अक्षरापासून बनवतात, तर काही साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडखूण लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. एका फोनवरून लिहिलेल्या ‘पुऱ्या’ दुसऱ्या फोनवरून शोधल्या तर न सापडण्याचे हे एक कारण आहे. ‘ॲ’चेही असेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी ते ‘अ’ला अर्धचंद्र जोडून लिहीत, आणि काही कळफलक अजून तसेच लिहितात. घरातल्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण संग्रह मोठा झाला की त्याची किंमत कळते.

युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेल्या पाककृतींचे दुखणे वेगळे आहे. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांतला मजकूर खरे तर रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली मराठी चित्रे असतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तो निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो आणि शोधात तर येतच नाही. नव्वदीच्या दशकात कुणी हौसेने घरच्या पाककृती संगणकावर उतरवल्या असतील तर त्या बहुधा याच रूपात आहेत. त्या आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणाव्यात आणि मगच नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्याव्यात. परिवर्तनानंतर अर्धा र, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. चुका तिथेच राहतात.

प्रमाण कमी-जास्त करण्याच्या सोयीचा गाजावाजा बराच होतो. चार जणांची पाककृती दहा जणांसाठी करायची, तर सॉफ्टवेअर यादीतले आकडे वाचून अडीचपट करते. इथेही मराठी आडवी येते. ‘पाव’, ‘पाऊण’, ‘सव्वा’, ‘दीड’, ‘अडीच’ हे शब्द इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला आकडे वाटत नाहीत. देवनागरी अंकांचेही भरवशाचे नाही. पायथन या संगणकभाषेत अंक ओळखण्याची नेहमीची रीत देवनागरी अंकांनाही अंक मानते. जावास्क्रिप्टमध्ये तीच रीत फक्त इंग्रजी अंक ओळखते. त्यामुळे एका ॲपमध्ये ‘२ वाट्या’ नीट दुप्पट होतात आणि दुसऱ्यात जशाच्या तशा राहतात. प्रमाण बदलण्याची सोय खरोखर वापरायची असेल, तर यादीतले आकडे इंग्रजी अंकांत आणि अपूर्णांक दशांशात किंवा तिरक्या रेघेने लिहिणे सुरक्षित. कृतीच्या मजकुरात ‘पाऊण वाटी’ राहिली तरी बिघडत नाही. ‘चवीपुरते मीठ’, ‘फोडणीसाठी तेल’, ‘मावेल तितकी कणीक’ यांना सॉफ्टवेअर हात लावत नाही, आणि तेच योग्य आहे.

गुणाकार बरोबर झाला तरी स्वयंपाक बरोबर होईलच असे नाही. तळणीचे तेल माणसांच्या संख्येवर ठरत नाही, कढईवर ठरते. उघड्या भांड्यात पाणी किती आटेल ते भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर अवलंबून असते, त्यामुळे चौपट आमटीला चौपट पाणी घातले तर ती पातळ होते. हिंग, लवंग, हिरवी मिरची यांचे प्रमाण पटीत वाढवले तर पदार्थ उग्र होण्याची भीती असते. कुकरच्या शिट्ट्या दुप्पट करायच्या नसतात. म्हणून मोठ्या प्रमाणात एकदा करून पाहिलेला पदार्थ वेगळी नोंद म्हणून ठेवावा. पन्नास माणसांच्या मसालेभाताचे अनुभवाने ठरलेले प्रमाण कोणत्याही गुणाकारापेक्षा मोलाचे असते.

मापांचाही एकदा निकाल लावून टाकावा. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, जपानमधला २००चा. मोठा चमचा बहुतेक देशांत १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २०चा. पुण्याच्या आईची पाककृती सिडनीत करणाऱ्या मुलीचा पाक इथेच बिघडतो. जुन्या वह्यांत शेर, पायली आणि तोळे भेटतात. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा आणि चार शेरांची पायली. मात्र धान्य मोजायचा मापी शेर वजनाच्या शेराहून वेगळा, आणि तोही गावोगावी बदलणारा, म्हणून अशा नोंदींचे परस्पर रूपांतर करू नये. मूळ माप तसेच ठेवून शेजारी करून पाहिलेले ग्रॅम लिहावेत. सॉफ्टवेअर आकारमानाचे वजनात रूपांतर करून देत असेल तर त्यावरही आंधळा विश्वास नको. एकाच कपात तांदूळ साधारण २०० ग्रॅम मावतात, तर कणीक सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. संग्रहाच्या सुरुवातीला एक टीप असावी आणि तीत घरातली वाटी आणि चमचा पाण्याने मोजून किती मिलिलिटरचे आहेत ते लिहावे. एवढ्या एका ओळीने पुढच्या पिढीचे पुष्कळ श्रम वाचतात.

वर्गवारीसाठी फोल्डरपेक्षा खुणा, म्हणजे टॅग, बऱ्या. साबुदाण्याची खिचडी उपासाची आहे, न्याहारीची आहे, कांदा-लसूण नसलेली आहे आणि पटकन होणारीही आहे. फोल्डरात ती एकाच ठिकाणी राहील, खुणांमुळे चारही वाटांनी सापडेल. मराठी घराला उपयोगी पडणाऱ्या खुणा परदेशी सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळत नाहीत. उपास, नैवेद्य, चातुर्मास, फराळ, डबा, बाळंतिणीचे, आजाऱ्याचे, साठवणीचे अशा खुणा स्वतःच कराव्या लागतात. त्या वीसच्या आत ठेवाव्यात. ‘झटपट’, ‘पटकन होणारे’ आणि ‘दहा मिनिटांत’ अशा एकाच अर्थाच्या तीन खुणा झाल्या की शोध निकामी होतो. पाककृती कोणाची, ही खूण मात्र जरूर असावी. आत्याची कैरीची डाळ आणि आईची कैरीची डाळ या दोन पाककृती आहेत, आणि दोन्ही जपायच्या असतात.

जुन्या वह्या आत आणण्याचे काम सर्वांत कष्टाचे. छापील मराठी मजकूर छायाचित्रावरून ओळखणारी साधने आता चांगली आहेत. गूगल लेन्स ते फोनवर करते आणि टेसेरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरलाही मराठी येते. हस्ताक्षर मात्र अजून भरवशाने वाचले जात नाही, त्यातही तेलाचे डाग पडलेले आणि पेन्सिलने दुरुस्त केलेले तर नाहीच. तिथे बोलून टंकणे जास्त जलद पडते. गूगलच्या कळफलकावर मराठी श्रुतलेखन २०१७ पासून आहे. एकाने वहीतून मोठ्याने वाचावे आणि फोनने लिहून घ्यावे, ही पद्धत ज्येष्ठांबरोबर बसून करता येते. वहीत नसलेल्या बारीक गोष्टीही त्या बोलण्यातून निघतात. पाक किती तारी हवा, बेसनाचा रंग कुठवर येऊ द्यायचा, मोदकाच्या उकडीला पाणी कसे उकळते असावे, हे वहीत लिहिलेले नसते. मजकूर उतरवून झाला तरी मूळ पानाचे छायाचित्र त्याच नोंदीला जोडून ठेवावे. उतरवताना झालेली चूक त्यावरून पकडता येते, आणि हस्ताक्षर ही स्वतःच जपण्याची वस्तू आहे.

छायाचित्रांमुळे जागा किती लागते, याचा अंदाज बांधता येतो. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. दीड हजार चिन्हांची पाककृती साडेचार किलोबाइटची झाली. अशा एक हजार पाककृती साडेचार मेगाबाइटमध्ये मावतात, म्हणजे फोनवरच्या एक-दोन छायाचित्रांच्या जागेत. मजकुरासाठी जास्त साठवणीचे पैसे कोणालाही देण्याचे कारण नाही. पैसे लागतात ते छायाचित्रांना.

व्हॉट्सॲपचा गट हा संग्रह नव्हे. तो पाककृती पोहोचवण्याचे उत्तम साधन आहे, पण फोन बदलताना झालेल्या गफलतीत सगळे जाऊ शकते. गटातली पाककृती आवडली तर त्याच दिवशी संग्रहात उतरवावी. घरातल्या अनेकांना एकच संग्रह हवा असेल तर सामाईक खात्याची सोय पाहावी, आणि बदल कोणी करायचे ते ठरवून घ्यावे. पुस्तकातली किंवा संकेतस्थळावरची पाककृती स्वतःच्या वापरासाठी उतरवून ठेवायला हरकत नसते. तोच मजकूर स्वतःच्या नावाने छापणे मात्र चोरी आहे. जिन्नस आणि प्रमाण ही माहिती असते. ती सांगण्याची लेखकाची भाषा ही त्याची निर्मिती असते. मूळ पुस्तकाचे नाव नोंदीत लिहिण्याची सवय म्हणून चांगली.

सर्व यंत्रांवर आपोआप सारखा होणारा संग्रह म्हणजे सुरक्षित प्रत, असा समज सर्रास आढळतो. तो खोटा आहे. एका फोनवर चुकून पुसलेली पाककृती काही क्षणांत सगळीकडून पुसली जाते. दर तीन-चार महिन्यांनी संपूर्ण संग्रह बाहेर काढून एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरातल्या कोणाच्या संगणकावर ठेवावी. बाहेर काढताना कोणता प्रकार निवडावा हेही महत्त्वाचे. पीडीएफ छपाईला चांगली, पण मराठीच्या दृष्टीने ती परतीची वाट नाही. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की जोडाक्षरे आणि वेलांट्या पुष्कळदा मोडतात, कारण तिथे अक्षरांचे आकार जपलेले असतात, अक्षरे नव्हेत. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरीच्या जागी कचरा दिसू शकतो. तेव्हा घाबरू नये. मजकूर सहसा शाबूत असतो, आयात करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडला की तो नीट दिसतो. एचटीएमएल, जेसन किंवा साधा मजकूर यांपैकी एक मिळत असेल तर संग्रह सुरक्षित समजावा. फक्त पीडीएफ देणारे किंवा काहीच न देणारे सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी घेऊ नये.

शंभरेक पाककृती असलेल्या आणि एकाच फोनवर काम करणाऱ्या माणसाला टिपणांचे ॲप पुरते. काही शेकड्यांचा संग्रह असेल आणि प्रमाण बदलणे, किराणा यादी, दुव्यावरून पाककृती उचलणे या सोयी हव्या असतील, तर पॅप्रिका किंवा रेसिपीसेज योग्य. घरात तांत्रिक जाण असलेले कोणी असेल तर मीली किंवा नेक्स्टक्लाउड. दर वर्षी वर्गणी मागणारी सेवा घ्यायचीच असेल, तर वर्गणी थांबवल्यावर जुन्या पाककृती वाचता येतात की नाही हे आधी विचारून घ्यावे.

निर्णय पक्का करण्याआधी पाचच पाककृती घालून पाहाव्यात. कटाच्या आमटीचा दुवा असलेली पुरणपोळी, गोडा मसाला, गुळाची पोळी, पुऱ्या आणि एखाद्या मराठी संकेतस्थळावरून उचललेली कोणतीही एक. मग गूळ शोधून पाहावा, पुऱ्या दुसऱ्या फोनवरून शोधाव्यात, गोडा मसाला दुप्पट करून पाहावा, आणि शेवटी पाचही पाककृती बाहेर काढून संगणकावरच्या साध्या टिपणवहीत उघडाव्यात. देवनागरी अखंड दिसली आणि जिन्नस ओळींत राहिले, तर वह्या उतरवायला घ्याव्यात. आजी किंवा आई अजून सांगू शकत असेल, तर तिच्या वहीपासूनच सुरुवात करावी.